मैदानावरचे गुरुजी
मद्रासच्या शारीरिक शिक्षण महाविद्यालयाचा इतिहास आणि आपला सीमाभाग

खासबाग, शहापूर, वडगाव या परिसरातल्या शाळांत शारीरिक शिक्षण शिकवणाऱ्या आणि शिकवून निवृत्त झालेल्या आम्हा मंडळींच्या स्नेहमेळाव्यानिमित्त ही स्मरणिका निघत आहे. स्मरणिकेत संस्थेचा इतिहास द्यायची आपल्याकडे प्रथा आहे. आमची सगळ्यांची मिळून एक शाळा नाही. कोणी मराठी माध्यमात नोकरी केली, कोणी कन्नड माध्यमात. कोणी बेळगावात, कोणी निपाणीकडे. तरीही आमच्या पेशाचे एक मूळ घर आहे. ते मद्रासला १९२० साली उभे राहिले आणि ते उभे करणारा माणूस अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातून आलेला होता. त्याचे नाव हॅरी क्रो बक. आपल्या शाळेत हातात शिट्टी घेऊन उभ्या राहणाऱ्या प्रत्येक सरांच्या आणि बाईंच्या कामात त्या घराचे काही ना काही उतरले आहे. म्हणून या मेळाव्यात त्याच संस्थेचा इतिहास सांगणे आम्हाला योग्य वाटले.

हा इतिहास पदकांच्या यादीने सांगता येत नाही. बक यांनी देशाला जे दिले ते एका विचाराच्या रूपाने दिले. खेळ शिकवणारा माणूस आधी शिक्षक असला पाहिजे, त्याला शिक्षकवर्गात इतरांच्या बरोबरीने खुर्ची मिळाली पाहिजे आणि त्याच्या मैदानावर वर्गातल्या प्रत्येक मुलाला जागा असली पाहिजे, असा तो विचार होता. तो जिथून आला तिथपासून सुरुवात करू.

स्प्रिंगफील्डची शाळा

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात स्प्रिंगफील्ड नावाचे गाव आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वाय.एम.सी.ए. या संघटनेने तिथे आपले व्यायामशिक्षक तयार करण्यासाठी एक शाळा चालवली. तिथले प्रमुख शिक्षक ल्यूथर ग्यूलिक यांचे सांगणे असे की शरीर, बुद्धी आणि आत्मा यांना वेगवेगळे काढून शिक्षण होत नाही. संघटनेच्या चिन्हातल्या त्रिकोणाच्या तीन बाजू याच तीन गोष्टींच्या आहेत.

१८९१ च्या हिवाळ्यात ग्यूलिक यांनी जेम्स नेस्मिथ या तरुण शिक्षकावर एक अवघड वर्ग सोपवला. बाहेर बर्फ पडत होते, आत दिवाणखान्यासारख्या व्यायामगृहात तेच ते कवायतीचे प्रकार करून मुले कंटाळली होती. नेस्मिथ यांनी विचार केला तो शिक्षकाचा. धक्काबुक्की होते ती खेळाडू चेंडू घेऊन पळतो म्हणून. मग चेंडू हातात असताना पळायचेच नाही. गोल समोर असला की चेंडू जोराने मारला जातो आणि लागतो. मग गोल डोक्याच्या वर न्यायचा, म्हणजे जोर निरुपयोगी ठरेल आणि नेम लागेल. पीच या फळाच्या दोन टोपल्या सज्जाच्या कठड्याला, जमिनीपासून दहा फुटांवर ठोकल्या. तेरा नियम लिहून भिंतीवर लावले. वर्गात अठरा विद्यार्थी होते, म्हणून नऊ-नऊ जणांचे संघ झाले. बास्केटबॉल जन्मला तो असा, एका वर्गाची अडचण सोडवण्यासाठी. ती दहा फुटांची उंची आजही तशीच आहे. चार वर्षांनी, १८९५ मध्ये, त्याच शाळेत शिकलेल्या विल्यम मॉर्गन यांनी वयस्क लोकांना झेपेल असा व्हॉलीबॉल काढला.

आपल्या शाळांच्या दृष्टीने या दोन खेळांचे मोल फार आहे. व्हॉलीबॉल घ्या: अठरा मीटर लांब, नऊ मीटर रुंद जागा, दोन खांब, एक जाळी आणि एक चेंडू एवढ्यावर बारा मुले एका वेळी खेळतात. क्रिकेटच्या एका किटच्या पैशांत असे कितीतरी चेंडू येतात. गरीब शाळेला परवडणारा खेळ शोधणे हे शिक्षकाचेच काम, आणि स्प्रिंगफील्डच्या माणसांना ते नेमके जमले होते.

शिकागोचे स्टॅग गुरुजी

स्प्रिंगफील्डच्या याच शाळेत नेस्मिथ यांचे सहकारी होते एमस अलोन्झो स्टॅग. मार्च १८९२ मध्ये विद्यार्थी आणि शिक्षक यांच्यात बास्केटबॉलचा पहिला जाहीर सामना झाला. विद्यार्थ्यांनी तो ५-१ असा जिंकला आणि शिक्षकांचा एकमेव गुण स्टॅग यांनी केला. त्याच वर्षी नव्याने स्थापन झालेल्या शिकागो विद्यापीठाने त्यांना बोलावून घेतले. विद्यापीठाचे अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर यांनी त्यांना केवळ संघाचा प्रशिक्षक म्हणून नेमले नाही. शारीरिक शिक्षण विभागाचे संचालक म्हणून आणि प्राध्यापकवर्गातले सदस्य म्हणून नेमले. अमेरिकेतल्या महाविद्यालयांत ही नवी गोष्ट होती. तोवर खेळाचा प्रशिक्षक म्हणजे हंगामापुरता ठेवलेला माणूस असे.

स्टॅग शिकागोत १८९२ पासून १९३२ पर्यंत राहिले. अमेरिकन फुटबॉल, बेसबॉल, धावणे-उड्या-फेकी हे सारे त्यांनी शिकवले आणि बास्केटबॉलही त्या विद्यापीठात नेला. एकच माणूस शरद ऋतूत एका खेळाचा, हिवाळ्यात दुसऱ्याचा आणि वसंतात तिसऱ्याचा गुरू. आज ही गोष्ट अशक्य वाटते, कारण आता चेंडू फेकणाऱ्याचा प्रशिक्षक वेगळा आणि झेलणाऱ्याचा वेगळा असतो. पण त्या पिढीतल्या प्रशिक्षकाला एकच मूल तीन ऋतूंत, तीन खेळांत दिसत असे. कोणाचा दम किती, कोणाचा राग कुठे उसळतो, कोण हरल्यावर खांदे पाडतो, हे त्याला पाठ असे. आमच्यातल्या ज्यांनी एकाच शाळेत तीस वर्षे काढली, त्यांना यात स्वतःचे काम दिसेल. कबड्डीत मागे राहणारी मुलगी थाळीफेकीत पुढे येते हे सगळे खेळ घेणाऱ्यालाच कळते.

नेस्मिथ यांची गोष्ट याहून बोलकी आहे. १८९८ मध्ये ते कॅन्सस विद्यापीठात गेले आणि तिथे बास्केटबॉलचा संघ चालवला. स्वतः शोधलेल्या खेळात त्यांच्या संघाने ५५ सामने जिंकले आणि ६० हरले. त्यांचे मन विद्यार्थ्यांची वजने-मापे घेण्यात, तब्येती तपासण्यात आणि त्यांना सुदृढ करण्यात गुंतलेले होते. सामना हे त्यांच्या लेखी शिक्षणाचे साधन होते. उलट पुढे अमेरिकन महाविद्यालयांत जिंकण्याचा आणि तिकीटविक्रीचा जोर इतका वाढला की प्रशिक्षक शिक्षकापासून तुटत गेला. सत्तरी गाठल्यावर शिकागोने स्टॅग यांना निवृत्त केले आणि १९३९ मध्ये त्या विद्यापीठाने आपला फुटबॉल संघच बंद केला. स्टॅग मात्र दुसऱ्या महाविद्यालयात जाऊन शिकवत राहिले. त्यांना १०२ वर्षांचे आयुष्य लाभले.

हॅरी बक याच स्प्रिंगफील्डचे विद्यार्थी. त्यांचा जन्म २५ नोव्हेंबर १८८४ चा. भारतात आले ते १९१९ साली.

अँटवर्पला धावलेले बेळगावकर

बक मद्रासला पोहोचत होते त्याच सुमारास इकडे पुण्यात एक घटना घडली, आणि तिच्याशी आपल्या बेळगावचे थेट नाते आहे. डेक्कन जिमखान्याने १९१९ मध्ये धावण्याच्या शर्यती घेतल्या. जिमखान्याचे अध्यक्ष सर दोराबजी टाटा तिथे होते. धावणारी बहुतेक खेड्यापाड्यातली, शेतकऱ्यांची पोरे. पायात काही नाही, कसलेही पद्धतशीर शिक्षण नाही. तरी त्यांच्या वेळा युरोपातल्या धावपटूंच्या तोडीच्या आहेत हे टाटांच्या लक्षात आले. ही पोरे ऑलिंपिकला का जाऊ नयेत, या प्रश्नातून १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकसाठी सहा जणांचा संघ गेला. टाटांनी त्यासाठी पदरमोड केली.

त्या सहा जणांत बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले होते. मॅरेथॉन त्या वर्षी ४२.७५ किलोमीटरची होती. ऑलिंपिकच्या इतिहासात एवढी लांब मॅरेथॉन पुन्हा झाली नाही. फिनलंडच्या हान्स कोलेमाइनन यांनी ती २ तास ३२ मिनिटांत जिंकली. चौगुले २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत १९ वे आले. कुस्तीगीर रणधीर शिंदे फेदरवेट गटात कांस्यपदकाच्या लढतीपर्यंत पोहोचले आणि चौथे राहिले. सदाशिव दातार, कुमार नवले, कैकाडी आणि बंगालचे पूर्मा बॅनर्जी हे त्यांचे सोबती.

चौगुले यांची ही वेळ नीट पाहिली पाहिजे. जगातल्या सर्वोत्तम धावपटूपासून बेळगावचा पोरगा अठरा मिनिटांवर होता. ज्या देशात धावण्याचे शास्त्र शिकवणारी एकही संस्था नव्हती, तिथला हा माणूस. हे अठरा मिनिटांचे अंतर रक्तातले नव्हते. ते शिकवणाऱ्याच्या अभावाचे होते. पळायचे किती, खायचे काय, वेग कुठे धरायचा आणि कुठे सोडायचा, पायाला फोड आल्यावर काय करायचे, हे सांगणारा कोणी जवळ नव्हता. तो सांगणारा तयार करण्याचे काम त्याच वर्षी मद्रासला सुरू झाले.

मद्रास, १९२०

बक आणि त्यांच्या पत्नी मारी यांनी वाय.एम.सी.ए.ची शारीरिक शिक्षणाची शाळा मोजक्या विद्यार्थ्यांनिशी सुरू केली. पुढे ती सैदापेठेला अड्यार नदीकाठच्या प्रशस्त आवारात गेली आणि महाविद्यालय झाली. शारीरिक शिक्षक तयार करणारी देशातली ही पहिली संस्था.

तोवर शाळांत काय होते ते आपल्या वडीलधाऱ्यांकडून आपण ऐकले आहे. ड्रिल मास्तर असत. बहुधा पलटणीतून निवृत्त झालेले हवालदार. आवाज खणखणीत, छाती पुढे, शिस्त कडक. पण मुलाचे शरीर कसे वाढते, आठ वर्षांच्या आणि सोळा वर्षांच्या मुलाला वेगळा व्यायाम का द्यायचा, हे त्यांना कोणी शिकवलेले नव्हते. त्यांचा पगारही कमी आणि मानही कमी. गणिताचे शिक्षक पुढच्या खुर्चीवर, ड्रिल मास्तर दाराशी.

बक यांनी हे चित्र बदलायला घेतले. त्यांच्याकडे येणाऱ्याला शरीररचना शिकावी लागे, शरीरक्रिया शिकावी लागे, प्रथमोपचार शिकावे लागत आणि वर्गापुढे उभे राहून पाठ घ्यावे लागत. मैदानावर एका खेळात पारंगत असून भागत नसे. ॲथलेटिक्स, बास्केटबॉल, व्हॉलीबॉल, हॉकी, फुटबॉल असे सारे खेळ स्वतः खेळून मग शिकवावे लागत. स्टॅग यांच्यासारखा सर्व खेळांचा गुरू अमेरिकेत एका विद्यापीठापुरता होता. मद्रासला असे गुरू तुकडी-तुकडीने बाहेर पडू लागले आणि देशभरच्या शाळांत गेले. बक यांच्या कामाचे मोठेपण इथे आहे.

दुसरी गोष्ट त्याहून मोलाची. बक यांनी अमेरिकेतले सामान जसेच्या तसे इथे उतरवले नाही. दंड-बैठका, आसने, लेझीम, आपले देशी खेळ यांना त्यांनी अभ्यासक्रमात जागा दिली. तमिळ मुलखात चडुगुडु म्हणतात तोच आपला हुतुतू. खेळांचे नियम एका ठिकाणी सापडावेत म्हणून त्यांनी 'रूल्स ऑफ गेम्स अँड स्पोर्ट्स' हे पुस्तक सिद्ध केले, 'व्यायाम' नावाचे नियतकालिक चालवले. परक्या देशात येऊन तिथल्या मातीतला व्यायाम आधी शिकायचा आणि मग आपला द्यायचा, ही नम्रता प्रत्येक शिक्षकाने शिकण्यासारखी आहे.

फेब्रुवारी १९२४ मध्ये दिल्लीला अखिल भारतीय सामने झाले आणि त्यांतून पॅरिस ऑलिंपिकचा संघ निवडला गेला. बक त्या संघाचे प्रशिक्षक आणि व्यवस्थापक होते. संघात लांब उडीचे दलीप सिंग, अडथळ्यांच्या शर्यतीतले मद्रासचे सी. के. लक्ष्मणन, मॅरेथॉनचे महादेव सिंग असे खेळाडू होते. लक्ष्मणन पुढे नामांकित डॉक्टर झाले. त्याच पॅरिसच्या मैदानावर अमेरिकेच्या धावपटूंना शिकवणाऱ्यांत एमस स्टॅग होते. स्प्रिंगफील्डच्या एकाच अंगणातली ही दोन माणसे, एक जगातल्या सर्वांत बलाढ्य संघाबरोबर, दुसरा नुकत्याच उभ्या राहणाऱ्या देशाबरोबर.

परत आल्यावर बक आणि वाय.एम.सी.ए.चे डॉ. ए. जी. नोरेन यांनी देशभर हिंडून प्रांतोप्रांतीच्या क्रीडासंघटना उभ्या करायला मदत केली. १९२७ मध्ये भारतीय ऑलिंपिक संघटना स्थापन झाली. टाटा तिचे पहिले अध्यक्ष, नोरेन चिटणीस. आज जिल्हा, राज्य, राष्ट्रीय अशा पायऱ्यांनी आपल्या मुलांना वर नेणारी जी रचना आपण गृहीत धरतो, तिची पायाभरणी या फिरतीत झाली.

२४ जुलै १९४३ रोजी बक यांचे मद्रासमध्येच निधन झाले. चोवीस वर्षे त्यांनी या देशाच्या मैदानावर घालवली.

बडोदे, अमरावती, कांदिवली

मद्रासचा हा प्रवाह आपल्याकडे आला तेव्हा इथली जमीन कोरडी नव्हती. महाराष्ट्रात आधीपासून एक भरलेली परंपरा होती आणि तिचा उल्लेख केल्याशिवाय हा इतिहास पुरा होणार नाही.

बडोद्याला जुम्मादादा नावाच्या मुसलमान उस्तादांची तालीम होती. त्यांचे शिष्य प्रा. माणिकराव यांनी ती पुढे वाढवली आणि तिला गुरूचेच नाव ठेवले. आज सांघिक कवायतीत देशी भाषेतल्या ज्या आज्ञा आपण देतो, त्यांची घडण माणिकरावांनी केली. हाडे बसवण्याच्या विद्येतही त्यांचा हातखंडा होता. अमरावतीला १९१४ मध्ये वैद्य बंधूंनी हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ स्थापन केले. त्याच मंडळाच्या पथकाने १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मल्लखांब, कबड्डी आणि इतर देशी प्रकारांची प्रात्यक्षिके केली. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने खो-खोचे नियम बांधले. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी १९१२ मध्ये उघडलेले कुस्तीचे मैदान तर आपल्या हाकेच्या अंतरावर, आणि त्याचे नावही खासबागच.

ही तालमीची परंपरा आपल्या सीमाभागाच्या हाडीमांसी आहे. निपाणीपासून बेळगावपर्यंत जत्रेतल्या मैदानाशिवाय जत्रा पुरी होत नाही. लहान पोरांच्या कुस्त्या आधी नारळ-रेवड्यांवर लागतात, मग मोठ्या जोड्या सुटतात. वस्ताद एका पोरावर वर्षानुवर्षे खपतो, त्याच्या खुराकाची काळजी घेतो, त्याला पहाटे उठवतो, संध्याकाळी लाल मातीत उतरवतो. या शिक्षणाची खोली कुठल्याही महाविद्यालयाला मिळवता आलेली नाही. पण तालमीत येतो तो आवड असलेला, अंगाने तयार असलेला मुलगा. अशक्त, भित्रा, दम्याचा मुलगा तिथे पोहोचत नाही, आणि मुलगी तर बराच काळ पोहोचलीच नाही. त्यांच्यासाठी शाळेचे मैदान हवे आणि त्या मैदानावर शिकलेला माणूस हवा.

हे दोन प्रवाह एकत्र आले ते मुंबई इलाख्यात. १९३७ मध्ये बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ आल्यावर शारीरिक शिक्षणाचा विचार करायला सरकारने समिती नेमली. तिचे नेतृत्व कैवल्यधाम या योगसंस्थेचे स्वामी कुवलयानंद यांच्याकडे होते. कुवलयानंद हे बडोद्याच्या माणिकरावांचे शिष्य. या हालचालींतून १९३८ मध्ये कांदिवलीला सरकारी शारीरिक शिक्षण संस्था निघाली आणि पी. एम. जोसेफ तिचे प्रमुख झाले. बेळगाव जिल्हा १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता, त्यामुळे आपल्याकडच्या शिक्षकांची वाट कांदिवलीची. बडोद्याची आसने-कवायत आणि स्प्रिंगफील्डचे चेंडू, दोन्ही एकाच मैदानावर शिकून ती पिढी परत आली. १९५७ मध्ये ग्वाल्हेरला राणी लक्ष्मीबाईंच्या नावाने देशपातळीवरचे शारीरिक शिक्षण महाविद्यालय उघडले तेव्हा पहिले प्राचार्य म्हणून कांदिवलीचे जोसेफ यांनाच नेले.

आपले मैदान

बेळगावात १९३३ मध्ये लिंगराज महाविद्यालय आणि १९४५ मध्ये राणी पार्वतीदेवी महाविद्यालय सुरू झाले. मराठा लाइट इन्फंट्रीच्या छावणीमुळे धावणे, कुस्ती, हॉकी हे खेळ गावाच्या रोजच्या पाहण्यात होते. बेळगावच्या बंडू पाटील यांनी १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये हॉकीचे सुवर्णपदक पटकावलेल्या संघात खेळून चौगुल्यांची परंपरा पुढे नेली. ही नावे अभिमानाने घ्यावीत अशीच आहेत. पण आमच्या मेळाव्यात बसलेल्या माणसांचे काम या नावांच्या मागचे आहे.

खासबागेत विणकरांची वस्ती मोठी. घरात माग, मागावर आई-वडील आणि शाळा सुटल्यावर त्यांच्या हाताशी पोरे. मुलाला खेळायला वेळ मिळतो तो शाळेतच, तासाच्या त्या पाऊण घटकेत. रविवारी बाजार भरला की वस्तीतली मोकळी जागाही भरून जाते. अशा वस्तीत शाळेचे मैदान ही मुलाच्या वाट्याला आलेली सर्वांत मोठी मोकळी जागा असते, आणि ती त्याच्यासाठी राखून ठेवणारा माणूस म्हणजे पी.टी.चे सर.

त्यांचे काम किती बारकाईचे असते ते एका उदाहरणाने सांगतो. वार्षिक सामन्यांसाठी दोनशे मीटरचा ट्रॅक आखायचा आहे. मैदान लहान, म्हणून दोन बाजूंच्या सरळ रेषा पन्नास-पन्नास मीटरच्या धरायच्या. उरलेले शंभर मीटर दोन अर्धवर्तुळांत बसले पाहिजेत. धावणारा आतल्या कडेला चिकटून पळत नाही, कडेपासून तीस सेंटिमीटरवर पळतो, म्हणून मोजणी तिथे धरतात. हिशेब केला की आतल्या कडेची त्रिज्या १५.६२ मीटर येते. मग खुंटी ठोकायची, दोरी ताणायची, एकाने खुंटीशी बसायचे आणि दुसऱ्याने दोरीच्या टोकाशी खूण करीत अर्धा फेरा मारायचा. त्यावर फक्की पडते. दोरी ओली असली तर तिची लांबी बदलते, जुनी असली तर वळ्या धरते. दोन बोटांचा फरक पडला की शंभर मीटरचे गणित चुकते. दुसऱ्या लेनच्या मुलाला बाहेरून जास्त पळावे लागते, म्हणून एका पूर्ण फेरीसाठी त्याला ७.०४ मीटर पुढे उभे करायचे, तिसऱ्याला १४.७० मीटर. या अंतराला आम्ही स्टॅगर म्हणतो. हे चुकले तर हरलेल्या मुलावर अन्याय होतो आणि त्याला तो कळतही नाही.

हे काम सकाळी सात वाजता, प्रार्थनेच्या आधी, दोन मुलांना हाताशी घेऊन करायचे असते. ती दोन मुले वर्गात भूमितीत कच्ची असतात. पण दोरी हातात धरून फिरताना त्रिज्या म्हणजे काय ते त्यांना एकदाच आणि कायमचे कळते. बक यांच्या शाळेने शिकवायचा आग्रह धरला तो हा. मैदान हा वर्ग आहे, आणि तिथे उभा असलेला माणूस शिक्षक आहे.

आपल्या मैदानाची आणखी एक खासियत आहे. वर्गात माध्यमे वेगळी असतात, मैदानावर नसतात. कन्नड शाळेचा आणि मराठी शाळेचा संघ समोरासमोर आला की पंचाची शिट्टी दोघांना सारखी कळते. एका बाजूने मोजणी मराठीत होते, दुसऱ्या बाजूने कन्नडात. गुण तेवढेच असतात. सीमेच्या प्रश्नाने तापलेल्या वर्षांतही आमच्यापैकी अनेकांनी दोन्ही शाळांच्या मुलांना एकाच गाडीने जिल्ह्याच्या सामन्यांना नेले आहे आणि एकाच डब्यातले खाऊ घातले आहे. जुम्मादादांच्या नावाची तालीम चालवणारे माणिकराव आणि मद्रासला दंड-बैठका शिकवणारे बक, दोघांनाही हे पाहून समाधान वाटले असते.

यापुढे

शंभर वर्षांपूर्वी बक यांनी जे मागितले ते आजही पुरते मिळालेले नाही. कित्येक शाळांत शारीरिक शिक्षकाची जागा निवृत्तीनंतर रिकामीच राहते. परीक्षा जवळ आली की पी.टी.चा तास गणिताला जातो. मैदानाच्या कडेला नवी खोली उभी राहते, मग दुसरी, आणि दोनशे मीटरचा ट्रॅक शंभराचा होतो. दुसऱ्या बाजूला खाजगी अकादम्या वाढल्या आहेत. तिथे चांगले प्रशिक्षण मिळते, पण ते फी भरणाऱ्याला आणि एका खेळापुरते. विणकराच्या मुलीच्या वाट्याला अजूनही शाळेचे मैदानच आहे.

म्हणून या मेळाव्यात आम्ही काही गोष्टींचा आग्रह धरत आहोत. प्रत्येक माध्यमिक शाळेला स्वतःचा, शिकलेला, पूर्णवेळ शारीरिक शिक्षक मिळावा. वेळापत्रकातला मैदानाचा तास दुसऱ्या विषयाला देऊ नये. शाळेचे मैदान बांधकामाला देण्याआधी पालकसभेत त्यावर चर्चा व्हावी. हे झाले सरकारकडे आणि संस्थाचालकांकडे मागायचे.

स्वतःकडे मागायचे ते वेगळे. संघ निवडून झाला की उरलेली चाळीस मुले कडेला बसवायची सवय आपल्यालाही लागली आहे. जिल्ह्याला ढाल आणायची असते, मुख्याध्यापकांचा तगादा असतो, हे सारे खरे. पण नेस्मिथ यांनी टोपल्या ठोकल्या त्या वर्गातल्या अठराच्या अठरा मुलांसाठी. निवडलेल्या नऊ जणांना खेळवून उरलेल्या नऊ जणांना त्यांनी बघत बसवले असते, तर तो खेळ जन्मलाच नसता. आपल्यापैकी जे अजून नोकरीत आहेत त्यांनी सोमवारच्या तासाला हजेरी घेताना शेवटच्या रांगेतल्या मुलांची नावे आधी घ्यावीत आणि चेंडू पहिल्यांदा त्यांच्या हातात द्यावा. त्यासाठी कोणाच्या मंजुरीची गरज नाही.